पुढच्या चाकाला लागलेले करडईचे तेल

जबाब देणार : सौ. राजकन्या शिवशंकर नरहरे, वय ३१ वर्षे, धंदा नोकरी, आरोग्य सेविका, रा. मौजे केकतवाडी, ता. अहमदपूर, जि. लातूर.

लिहून घेणार : ठाणे अंमलदार मल्लिकार्जुन स्वामी. दसऱ्यानंतरचा शनिवार, दुपारची वेळ.

मला ठाण्यातून कोणी बोलावलेले नाही. सासूबाईंना सोबत घेऊन मी स्वतःहून आले आहे आणि समक्ष खरे तेच सांगत आहे, ते असे की, मी वरील पत्त्यावर पती शिवशंकर, सासूबाई सगुणाबाई आणि मुलगी आरती, वय पाच, यांच्यासह राहते. पती शेती करतात. आमच्या घराला लागून पतीचे थोरले चुलत भाऊ वैजनाथ नरहरे यांचे घर आहे. मधली भिंत एक, विहीर एक. विहिरीवरच्या मोटारीच्या पाळीवरून तीन वर्षांपूर्वी दोघा भावांत वाजले, तेव्हापासून बोलणे बंद आहे. बंद म्हणजे इतके बंद की, फाट्यावर एकाच एसटीची वाट बघत उभे असले तरी एक जण अहमदपूरकडे तोंड करून उभा राहतो आणि दुसरा नांदेडकडे.

आज वैजनाथ यांची मुलगी तनुजा हिच्या लग्नाची सुपारी फुटायची आहे. औशाहून पाहुणे निघालेले आहेत. आणि मुलीचा बाप सकाळपासून या ठाण्याच्या बाकावर बसलेला आहे, तो माझ्या पतीच्या तक्रारीवरून. तक्रारीत असे आहे की, वैजनाथ यांनी आमच्या मोटारसायकलच्या ब्रेकला तेल लावून आम्हाला जिवे मारण्याचा प्रयत्न केला. पतींनी खोटे सांगितलेले नाही, पण जे सांगितले ते चुकीचे आहे. गुन्हा दाखल झाला तर पाहुणे आल्या पावली परत जातील, हे मला स्पष्ट दिसते आहे. म्हणून मी आले. मला घाई आहे, परंतु साहेबांनी "पहिल्यापासून सांगा, मधूनच नको" असे म्हटल्यामुळे पहिल्यापासून सांगते.

सदर मोटारसायकल आम्ही यंदाच्या पाडव्याला घेतली. कागदावर पतीचे नाव आहे, चालवते जास्त मीच. सकाळी आरतीला शाळेत सोडायचे, तिथून उपकेंद्र, तिथून वाड्या आणि तांडे, मागे लसीची पेटी बांधलेली. गाडी मी नांदेडला नर्सिंगच्या शिक्षणाला असताना शिकले. विष्णुपुरीच्या रस्त्याला वर्षाराणी मॅडम मुलींना शिकवायच्या. त्यांनी आम्हाला सुरुवातीला गाडीवर बसूच दिले नाही, नुसते गाडीभोवती फिरवले. "गाडीला विचारल्याशिवाय गाडीवर बसायचं नाही," असे त्या म्हणत. मी आजपर्यंत विचारल्याशिवाय बसलेले नाही. त्यावरून मला घरीदारी जे ऐकावे लागते ते लिहायला साहेबांचा कागद पुरणार नाही.

विचारते म्हणजे काय करते, असे साहेबांनी विचारले. मी चाकांपासून सुरू करते. आमच्या वाटेला बाभळीचे काटे फार, म्हणून दोन्ही टायरवरून नजर फिरवते आणि अंगठ्याने दाबून बघते. पेटी आणि आरती दोन्ही असतील तर मागच्या चाकाला हवा थोडी जास्त लागते, ती आदल्या दिवशीच फाट्यावर भरून घेते. चेन खालून बोटाने उचलून बघते. फार ताठ असली तरी वाईट आणि लोंबत असली तरी वाईट. ऑइलची काच गाडी सरळ उभी धरून बघावी लागते, साइड स्टँडवर कललेल्या गाडीत खरे कळत नाही. ॲक्सिलेटर पिळून सोडला की तो आपणहून मागे आला पाहिजे. लाइट, हॉर्न, इंडिकेटर झाले की ब्रेक दाबून पाठीमागच्या भिंतीवर लाल उजेड पडतो का ते बघते. आरसे मात्र मला रोज नव्याने लावावे लागतात. आदल्या संध्याकाळी पतींनी गाडी नेलेली असली की दोन्ही आरसे त्यांच्या मिशांकडे वळलेले असतात. मागून ट्रक आला तर तो त्यात दिसत नाही, मिशा तेवढ्या व्यवस्थित दिसतात. सगळ्यांत शेवटी ब्रेक. इंजिन बंद ठेवून गाडी हाताने पुढे ढकलायची, आधी पुढचा दाबायचा, मग मागचा.

एवढे सगळे चुलीवरचा चहा होईस्तोवर उरकते. पण लोक बघतात. "वहिनी वडाला फेऱ्या मारून राहिल्या जणू," असे म्हणणारे आमच्या गल्लीत दोन-तीन जण आहेत. सासूबाईंना मात्र माझे हे फिरणे मनापासून आवडते. सून रोज सकाळी गाडीला प्रदक्षिणा घालते म्हणजे सुनेला देवाधर्माचे वळण आहे, असा त्यांचा समज आहे. तो मी कधी मोडला नाही, कारण सासूने सुनेचे कौतुक करण्याची दुसरी कारणे आमच्या घरात फारशी नाहीत.

दसऱ्याच्या दिवशी पतींनी गाडी धुतली. दुपारी सासूबाईंनी तिची पूजा केली. मी त्या वेळी आत पुरण वाटत होते, त्यामुळे पूजा कशी केली ते मी पाहिलेले नाही. संध्याकाळी शिलंगणाला सगळे पायी गेले. दुसऱ्या दिवशी एकादशी, सुट्टी घेतलेली, गाडी जागची हलली नाही.

आज शनिवार, शाळा सकाळची. आरतीला ओट्यावर बसवून मी नेहमीप्रमाणे गाडीभोवती फिरले. हँडलला झेंडूचा हार होता, त्याचे टोक ॲक्सिलेटरच्या केबलीत अडकत होते, ते काढून ठेवले. बाकी सगळे ठीक होते. मग गाडी ढकलली आणि पुढचा ब्रेक दाबला. ब्रेकचा दांडा हाताला नेहमीसारखाच घट्ट लागला. चाक मात्र फिरतच राहिले. आमच्या अंगणाला उतार आहे. गाडी मला ओढत पाण्याच्या हौदापर्यंत गेली, तेव्हा मागचा ब्रेक दाबून मी तिला थांबवले. पुढच्या चाकाला जी गोल चकाकती थाळी असते, जिला डिस्क म्हणतात, तिला मी बोट लावले. बोट तेलाने माखले.

घरासमोरचा रस्ता खाली उतरून थेट हमरस्त्याला लागतो. त्या उतारावर मी रोज पुढचा-मागचा दोन्ही ब्रेक दाबून गाडी उभी करते आणि मगच रस्ता ओलांडते. तेव्हा आरती माझ्या पाठीला धरून बसलेली असते. मी आधी जाऊन आरतीला उचलून घेतले आणि मग तिच्या पप्पांना हाक मारली.

पती आले. त्यांनी बोट लावून बघितले आणि जागच्या जागी निकाल दिला, "हे वैजनाथदादाचं काम हाय." कशावरून असे मी विचारले. दसऱ्याच्या संध्याकाळी त्यांनी वैजनाथ यांना आमच्या अंगणात गाडीपाशी उभे पाहिले होते. "तीन वर्षं ज्यानं पाय ठेवला न्हाई, त्यो त्याच दिशी कशाला आल्ता? विचार तूच." मी म्हटले, मला कशाला विचारता, त्यांना विचारा की. परंतु बोलणे बंद असल्यामुळे त्यांना भावाला विचारता येत नव्हते, पोलिसांत मात्र जाता येत होते. ते दुधाच्या गाडीत बसून इकडे आले. वैजनाथ हे सुपारीच्या सामानासाठी अहमदपूरच्या बाजारात आलेलेच होते. त्यांना ठाण्यातून फोन गेल्यावर ते आपल्या मोटारसायकलवरून लगेच हजर झाले, असे मला इथे आल्यावर समजले.

पती गेल्यावर मी उपकेंद्रात उशिरा येते असे कळवले आणि पुन्हा गाडीपाशी बसले. बोटाचा वास घेतला. ते मशीनचे तेल नव्हते. ते घाण्यावरचे करडईचे तेल होते, ज्यावर आमच्या घरी भाजी होते. डिस्कच्या मधल्या भागात, जिथे ब्रेक घासत नाही तिथे, हळदीकुंकवाची बोटे उमटलेली होती. चार पूर्ण आणि करंगळी अर्धी. दुसऱ्याच्या जिवावर उठलेला माणूस हळदीकुंकवाचे ताट घेऊन येत नाही, एवढे मला कळते. शिवाय अर्ध्या करंगळीचा हात आमच्या दोन्ही घरांत मिळून एकच आहे. सासूबाईंच्या करंगळीचे टोक फार पूर्वी कडबा कापायच्या यंत्रात गेले. मी घरात जाऊन त्यांना विचारले. आमच्यात झालेले बोलणे साहेबांनी जसेच्या तसे सांगायला सांगितले, ते असे.

"आत्याबाई, गाडीची पूजा करताना तेल कुठं-कुठं लावलं?"

"टाकीला लावलं. दिव्याला लावलं. आन् पुढच्या चाकाला ती चांदीच्या ताटावानी थाळी हाय न्हाई का, तिला तर चांगलं चोळून लावलं."

"चोळून?"

"मंग? कोरडं कुंकू लोखंडाला धरतंय व्हय? आधी तेलाचा हात फिरवावा लागतोय. पोळ्याला बैलाची शिंगं चोळत न्हाई का आपुन?"

आमच्या जुन्या गाडीचा ब्रेक चाकाच्या आत झाकलेला होता, त्याला अशी थाळी नव्हती. त्यामुळे आजवर सासूबाईंच्या पूजेने काही बिघडले नव्हते. मी त्यांना समजावून सांगितले की, ती थाळी शोभेची नाही, तिला चिमटा धरतो म्हणून गाडी थांबते. त्यांना पटेना. "तेलानं गाडी पळाया सोपी जाती की," असे त्या म्हणाल्या. मी म्हटले, पळायला सोपी जाते आत्याबाई, थांबायलाच जमत नाही. मग त्यांनी आरतीकडे बघितले. आरती दप्तर पाठीला लावूनच ओट्यावर पाय हलवत बसली होती. "मंजी माझ्या हातानं," एवढे म्हणून सासूबाई खाली बसल्या. सकाळपासून मला आलेला राग तिथेच निवला. मी म्हटले, काही झालेले नाही, मी बघितले होते ना.

पती वैजनाथ यांच्यावर केस करायला ठाण्यात गेले आहेत, हे सांगितल्यावर मात्र सासूबाई उठल्या आणि डोक्यावर पदर घेऊन म्हणाल्या, "मला बी ने." पती फोन उचलत नव्हते. आरतीला गल्लीतल्या एका बाईकडे ठेवून आम्ही फाट्यावरून रिक्षा केली.

वाटेत सासूबाईंनी विचारले, "राजकन्या, असंच तेल दुसऱ्या गाडीला लावलं असंल, तर ती बी थांबायची न्हाई का?" मी म्हटले, कोणती दुसरी गाडी? त्या म्हणाल्या, "आपली पूजा झाल्यावर ताटात उरलं व्हतं." मी पुन्हा विचारले, आत्याबाई, कोणती गाडी? तेव्हा त्यांनी रिक्षावाल्याला ऐकू जाणार नाही इतक्या हळू सांगितले, "वैजनाथची."

वैजनाथ यांची आई ते रांगत असताना वारली. त्यांना सासूबाईंनी आपल्या ताटात जेवू घालून वाढवले आहे. हे गावात सर्वांना माहीत आहे, पण बोलणे बंद झाल्यापासून हा विषय आमच्या घरात कोणी काढत नाही. सासूबाईंनी मला सांगितले की, तीन वर्षे दर दसऱ्याला त्या आपल्या घरची पूजा झाली की मागच्या बाजूने त्यांच्या छपराखाली जातात, गाडीला तेल आणि कुंकू लावतात आणि कोणी बघायच्या आत परत येतात. पतींना माहीत नाही, मलाही माहीत नव्हते. हे ऐकून मला हसू यावे की रडू, ते कळेना. वैजनाथ त्याच गाडीवरून अहमदपूरला गेलेले होते आणि परतही त्यावरूनच येणार होते. मी रिक्षावाल्याला लवकर घ्या म्हटले. मग त्याने खरेच लवकर घेतली तेव्हा सावकाश घ्या म्हटले.

आम्ही ठाण्यात आलो तेव्हा वैजनाथ बाकावर बसलेले होते. पायाशी पिशवी होती, तीत नारळ, विड्याची पाने आणि व्याह्यांना द्यायचा फेटा होता. ते सारखे फाटकाकडे बघत होते. पती दुसऱ्या बाकावर होते. मी साहेबांना विनंती केली की, माझे म्हणणे नंतर ऐका, आधी यांची गाडी बघा. साहेब उठून बाहेर आले याबद्दल मी त्यांची आभारी आहे. ठाण्याच्या आवारात मी वैजनाथ यांची गाडी ढकलली आणि साहेबांना पुढचा ब्रेक दाबायला सांगितले. साहेबांनी दाबला. गाडी साहेबांना घेऊन तशीच पुढे निघाली, तेव्हा तिथल्या शिपायांनी तिला धरले. त्या गाडीच्या थाळीवर मधल्या भागात तीच बोटे होती.

एवढे दिवस कळले कसे नाही, असे साहेबांनी वैजनाथ यांना विचारले. ते म्हणाले, "पुढचा ब्रेक कोण दाबतंय साहेब? तोंडावर पडाया?" गाडी घेतल्यापासून त्यांनी पुढचा ब्रेक एकदाही दाबलेला नाही. आमच्या भागात पुष्कळ लोकांची हीच समजूत आहे. सगळे हसले, मी हसले नाही, कारण एकट्या मागच्या ब्रेकवर घसरून आलेल्यांना पट्ट्या मीच बांधते. दोन्ही ब्रेक सोबत आणि हळूहळू दाबायचे असतात, हे या जबाबात लिहून घ्यावे अशी माझी विनंती आहे.

कुंकू दिसले होते, पण ते आपल्याच घरच्यांनी लावले असेल असे वैजनाथ यांना वाटले होते. आता ते चाकापाशी वाकून बघू लागले. मी किंवा सासूबाईंनी त्यांना काही सांगितले नव्हते. त्यांनी अर्ध्या करंगळीच्या ठशाजवळ आपले बोट नेले, पण टेकवले नाही. मग वर न बघताच म्हणाले, "ही काकूची बोटं हायती."

सासूबाईंनी साहेबांना सांगितले की, दोन्ही गाड्यांना तेल मीच लावले, लिहून घ्या, माझे नाव घाला. साहेबांनी विचारले, बोलणे बंद असताना त्यांच्या गाडीची पूजा करायला कशाला गेलात? सासूबाई म्हणाल्या, "बोलनं ह्या दोघायचं बंद हाय. माझं कुठं बंद हाय? मला कुनी इचारलंच न्हाई." दसऱ्याच्या संध्याकाळी अंगणात का आलात, हेही साहेबांनी वैजनाथ यांना विचारले. ते म्हणाले, काकूला सोनं द्यायला, आपट्याची पाने घेऊन आलो होतो, शिवशंकर दिसला म्हणून माघारी फिरलो. हे ऐकताना माझे पती जमिनीकडे बघत होते. मग ते म्हणाले, "दादा, आवाज द्यायचा की." वैजनाथ म्हणाले, "तू बी इचारायचं की." तीन वर्षांनंतर एवढे दोनच शब्द झाले, पण मला ते पुष्कळ वाटले.

पती आपली तक्रार मागे घेत असल्याचे वेगळे लिहून देत आहेत. कोणी जाणूनबुजून काही केलेले नाही अशी माझी खात्री आहे आणि माझी कोणाविरुद्ध काही तक्रार नाही. दोन्ही गाड्यांच्या थाळ्या साबणाने स्वच्छ धुऊन ब्रेकचे पॅड नवे टाकल्याशिवाय कोणी त्या चालवू नयेत. तेल पॅडमध्ये मुरलेले असते, नुसते पुसून भागत नाही. वैजनाथ यांची गाडी मिस्त्री येईपर्यंत इथे आवारातच राहील. तिची किल्ली मी माझ्याकडे घेतली आहे, कारण घाईत माणूस काय करील सांगता येत नाही.

आपल्या गाडीच्या ब्रेकला तेल लावल्याबद्दल तुमची काही तक्रार आहे का, असे साहेबांनी वैजनाथ यांना रीतसर विचारले. त्यांनी नकारार्थी मान हलवली आणि ते सासूबाईंच्या पाया पडले. सासूबाईंना सुपारीचे बोलावणे नव्हते, हे मला माहीत होते. तनुजाला न्हाऊमाखू घातलेली बाई तिच्या सुपारीच्या दिवशी भिंतीच्या अलीकडे बसणार होती, याचे आम्हाला घरात सगळ्यांनाच वाईट वाटत होते.

हा जबाब मला वाचून दाखवणे चालू असताना वैजनाथ यांचा फोन वाजला. तनुजाचा होता. पाहुणे दारात उतरले होते आणि पप्पा कुठे आहेत असे विचारत होते, हे तिच्या मोठ्या आवाजामुळे आम्हा सर्वांना ऐकू आले. सासूबाईंनी वैजनाथ यांच्या हातातून फोन घेतला आणि त्या म्हणाल्या, "तनुजा, म्या हाय. बसव त्यायला, पानी दे. तुझा बाप माझ्यापाशी हाय, म्या घिऊन येऊन राहिले त्याला." त्यानंतर त्यांनी साहेबांना काही न विचारता नारळाची पिशवी उचलली, वैजनाथ यांचा हात धरला आणि त्या फाटकाबाहेर गेल्या. पती त्यांच्या मागे पिशवीतून पडलेला फेटा घेऊन पळाले.

उरलेला मजकूर मी उभ्यानेच ऐकला. तो मी सांगितल्याप्रमाणे आहे, त्यात कमीजास्त काही नाही. सही करून मीही निघते, ते रिक्षात माझी जागा धरून बसले आहेत.